रविवारची वाट : आयफेल, पण टॉवर नव्हे



या सदरात आपण आतापर्यंत बहुतेक ऱ्हाइनच्या काठाकाठानेच हिंडलो. या वेळी नदी सोडून आत वळू या. कोलोन, बॉन, लेव्हरकुझेन या भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तासाभराच्या अंतरावर असलेला, आणि तरीही आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेला प्रदेश म्हणजे आयफेल. आमच्याही घरी हे नाव इतकी वर्षे फक्त हवामानाच्या बातम्यांत ऐकू यायचे.

आईला मी फोनवर सांगितले होते, "तू आलीस की आपण आयफेलला जाऊ." ती वाईजवळच्या आमच्या खेड्यातून इथे आली तेव्हा सगळ्या आळीला सांगून आली होती की लेक आयफेल टॉवर दाखवणार आहे! तिची समजूत घालताना एक गोष्ट सापडली, ती तुम्हालाही सांगते. टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेलचे पूर्वज खरोखरच या आयफेलमधले. त्यांचे आडनाव ब्योनिकहाउझेन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मारमागेन नावाच्या गावातून त्यांच्यातला एक जण पॅरिसला गेला. तिथल्या लोकांना त्याचे आडनाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून त्याने आपल्या मुलखाचेच नाव लावले. "म्हणजे आपल्यासारखंच की," आई म्हणाली. आमच्या दारावरच्या पाटीवरचे आडनाव गेली नऊ वर्षे पोस्टमन चार प्रकारे वाचतो, हे तिने एव्हाना ऐकले होते.

पण खरे सांगायचे तर ही सहल हौसेने ठरलेली नव्हती. आईचा व्हिसा नव्वद दिवसांचा, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी ती मला म्हणाली, "अगं, तिकीट अलीकडचं करता येतं का बघ." भांडण नाही, तक्रार नाही. आम्ही दोघे सकाळी कामावर, नात शाळेत. चौथ्या मजल्यावरच्या घरात ती एकटी. खिडकीतून दिसणार ते पार्किंग आणि कचऱ्याच्या तीन रंगांच्या पेट्या. बोलायला माणूस नाही, टेकायला ओटा नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आईवडील येऊन राहिले आहेत त्यांना हा एक्केचाळिसावा दिवस माहीत असेल. कोणाकडे तो तिसाव्या दिवशी येतो, कोणाकडे पन्नासाव्या.

त्या रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती. मी म्हटले, मीच गाडी काढते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. मला इथले लायसन्स मिळाले ते चौतिसाव्या वर्षी आणि तेही दुसऱ्या खेपेला. पहिल्या परीक्षेत एका शांत गल्लीत उजवीकडून येणाऱ्या गाडीला मी वाट दिली नाही आणि परीक्षा तिथेच संपली. त्यानंतर ऑफिस, बाजार आणि मुलीचा पोहण्याचा क्लास, एवढाच माझा परीघ. आउटोबानवर एकटीने, शेजारी आई आणि मागे आठ वर्षांची मुलगी, असे कधी गेलेच नव्हते.

निघालो सकाळी आठला. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. ए ६१ ने कोब्लेंझच्या दिशेने जायचे आणि मेंडिगच्या आउसफार्टला बाहेर पडायचे. आमच्या घरापासून शंभर कि.मी.च्या आतच. मी उजवी लेन सोडली नाही. एका ट्रकच्या मागे चाळीस मिनिटे इमानाने चालवल्यावर आई म्हणाली, "हा आपल्या ओळखीचा आहे का?" त्यावर मी पहिल्यांदा ओव्हरटेक केले.

मेंडिगपासून पाच मिनिटांवर लाखर झे हे तळे आणि त्याच्या काठावर मारिया लाख हा बेनेडिक्टाइन मठ. मठाची स्थापना १०९३ सालची. सहा मनोऱ्यांचे चर्च जवळपासच्याच ज्वालामुखीच्या दगडांत बांधलेले आहे. आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती, म्हणून मागच्या बाकावर गप्प बसलो. आईने डोक्यावर पदर घेतला. बाहेर आल्यावर तिने विचारले, "एवढं मोठं तळं, मग नदी कुठून निघते?" प्रश्न अगदी बरोबर होता. या तळ्याला नैसर्गिक वाट नाही. पाणी चढून मठाला धोका होऊ लागला, तेव्हा बाराव्या शतकात साधूंनी डोंगरातून बोगदा खोदून जादा पाणी काढून दिले.

आता थोडे रसायनशास्त्र. वाचकांनी पान उलटू नये, लवकर आवरते.

हे तळे म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटाने जमीन खचून झालेला खड्डा आहे. स्फोट सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाचा. त्याची राख उत्तरेला स्वीडनपर्यंत आणि दक्षिणेला उत्तर इटलीपर्यंत सापडते. इतका माल पडला की ऱ्हाइन नदी काही काळ अडली. मेंडिगजवळ विंगर्ट्सबर्गची भिंत म्हणून जागा आहे, ती जरूर बघा. तीस-चाळीस मीटर उंचीचा उभा कडा, आणि त्यात राख व प्यूमिसचे थरावर थर, कापलेल्या बाकरवडीसारखे. हे सगळे थर काही दिवसांत पडलेले आहेत. याच प्यूमिसपासून या भागात घरबांधणीच्या हलक्या विटा होतात.

तळ्याच्या पूर्व काठाने चालत गेलात तर पाण्यातून बुडबुडे येताना दिसतील. मासे नव्हेत. खोल जमिनीतल्या शिलारसातून सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड तो. हाच वायू वाटेत भूजलात विरघळला की त्याचे फसफसणारे मिनरल वॉटर होते. इथे आल्यावर आपल्या प्रत्येक पाहुण्याला "टोचणाऱ्या पाण्याचा" पहिला धक्का बसतो, त्याचे मूळ हे. गेरोल्स्टाइन हे त्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आयफेलमधलेच. आईने बुडबुडे बघितले आणि म्हणाली, "म्हणजे ते मुद्दाम घालत नाहीत? मी उगाच बोल लावला." (काही कंपन्या मुद्दाम घालतातही, पण ते मी तेव्हा सांगितले नाही.)

एक सूचना मात्र गंभीरपणे. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो, त्याला रंग नाही आणि सहसा वासही जाणवत नाही. मोकळ्या काठावर वाऱ्यात काही धोका नाही. पण अशा भागात वारा पडलेला असताना खोलगट खड्ड्यात, बंद तळघरात किंवा पडक्या खाणीत तो तळाशी साचू शकतो. मोठ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवा ठीक आणि लहान मुलाच्या उंचीवर नाही, असे होऊ शकते. आमची मुलगी बुडबुड्यांचा वास घेण्यासाठी पालथी पडली, तिला मी ताबडतोब उठवले. ती म्हणाली, "आई, तू इथेही लॅबमधलीच आहेस." असू दे. आखलेली पायवाट सोडून खड्ड्यांत उतरू नका आणि मुलांना उतरू देऊ नका.

तिथून मेंडिग गावात. गावाखाली दगडाच्या जुन्या खाणी आहेत, सुमारे बत्तीस मीटर खोल. त्यांना लावा-केलर म्हणतात. सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत आला आणि थिजला. त्यातून माणसांनी शेकडो वर्षे जात्यांचे आणि गिरणीचे दगड काढले. एकोणिसाव्या शतकात या थंड पोकळ्यांत बिअरच्या भट्ट्यांनी आपला माल साठवला. खाली उन्हाळ्यातही सहा ते नऊ अंश तापमान असते, म्हणून भर उन्हाळ्यातही स्वेटर न्या. पुढे कार्ल फॉन लिंडेचे बर्फाचे यंत्र आले आणि तळघरांची गरज संपली. तिकीट लावा-डोम या म्युझियममध्ये मिळते आणि माहितगाराबरोबरच खाली जाता येते. उतरायला भरपूर पायऱ्या आहेत. आईचे गुडघे लक्षात घेता ती म्हणाली, "तुम्ही जा. मी इथे उन्हात बसते."

वर उघड्यावर दगडकामाची जुनी अवजारे, क्रेन आणि घडवलेले दगड मांडून ठेवले आहेत. आम्ही तासाभराने वर आलो तर बाकावर आई नाही. माझ्या पोटात गोळा आला. भाषा येत नाही, फोन माझ्याच पर्समध्ये. इकडेतिकडे धावले, तर एका शेडच्या बाजूला ती दिसली. एका गोल काळ्या दगडापुढे उकिडवी बसलेली. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक जर्मन आजोबा, हातात हातोडी. आई हाताने काहीतरी दाखवत होती आणि ते मान हलवत होते.

मी जवळ गेले तशी ती म्हणाली, "अगं, जातं आहे हे! एवढं मोठं, पण जातंच. यांना विचार, टाकी कोण लावतं?"

ज्यांनी जाते पाहिलेले नाही अशा आपल्या मुलांसाठी सांगते. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही. मग त्याला छिन्नीने बारीक टिचे पाडून खरखरीत करायचे, त्याला टाकी लावणे म्हणतात. आईच्या लहानपणी वडार समाजातल्या बायका "जात्याला, पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी देत गावातून फिरायच्या. मी प्रश्न जर्मनमध्ये विचारला. आजोबांनी आयुष्यभर दगडाचेच काम केले होते, आता निवृत्तीनंतर येणाऱ्यांना ते दाखवतात. त्यांनी सांगितले, टाकी इथेही लावावी लागे, पण कमी. मग आईचा हात धरून दगडावर फिरवला. दगडात सगळीकडे बारीक छिद्रे. लाव्हा थिजताना त्यातला वायू अडकून राहिला त्याची ही छिद्रे. दगड झिजला की जुन्या छिद्रांच्या कडा जातात आणि खालच्या नव्या उघड्या पडतात, म्हणून त्याची धार बरीचशी आपोआप टिकते. याच कारणाने मेंडिग आणि शेजारच्या मायेनची जाती रोमन काळापासून ऱ्हाइनमार्गे पार इंग्लंडपर्यंत जात.

आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्यांना सांग, आमचा दगड याच्यापेक्षा घट्ट आहे. टाकी लावावी लागते, पण पिठात कचकच येत नाही." मी भाषांतर केले. आजोबा मोठ्याने हसले. इथल्याही बायका लग्न झाल्यावर हीच तक्रार करायच्या, असे म्हणाले.

दोघांचेही दगड एकाच जातीचे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजेही लाव्हाच, फक्त फार जुना आणि फार मोठा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरांवर थर पसरत गेला. आज दख्खनचा हा दगड सुमारे पाच लाख चौरस कि.मी.वर उरला आहे. अजिंठा, वेरूळ त्यातच कोरलेले. आपले गडकोट त्यावर उभे आणि आपले पाटे-वरवंटे त्याचेच. माझी पीएच.डी. झाली, पण दोन्ही मुलखांतला हा धागा मला पुस्तकातून माहीत असूनही कधी दिसला नव्हता. आईला तो हाताला लागला.

तिथेच दशम्या सोडल्या. आजोबांना एक दिली. चटणी त्यांनी बोटाच्या टोकाने चाखली आणि पाण्याची बाटली मागितली. टोचणाऱ्या!

दुपारनंतर ए ४८ ने पश्चिमेला उल्मेन आणि पुढे डाउन. आता बघायची ती "मारे". मार म्हणजे वर येणारा शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि त्या स्फोटाने जमिनीला पडलेला गोल खड्डा. आयफेलमध्ये असे सत्तरहून अधिक खड्डे आहेत, पण पाणी बाराएकांतच आहे. उल्मेनचे मार सुमारे अकरा हजार वर्षांचे, जर्मनीतला सर्वांत तरुण ज्वालामुखी तो हाच. डाउनजवळ तीन मारे एकमेकांना लागून आहेत. ती पाहून आई म्हणाली, "लोणारसारखं." दिसते तसेच. गंमत अशी की लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीचे विवर समजत. नंतर तिथल्या खडकांच्या अभ्यासातून ते उल्केच्या आघाताचे ठरले. उलट बव्हेरियातले न्योर्डलिंगेनचे रीस हेही ज्वालामुखीचेच मानले जाई, १९६० च्या सुमारास तेही उल्केचे निघाले. गोल खड्डा दिसला म्हणजे कारण एकच, असे नसते.

तिन्हींतले मधले व्हाइनफेल्डर मार. त्याला टोटेनमार, म्हणजे मृतांचे मार, असेही म्हणतात. काठावर एक पांढरे छोटे चर्च आणि भोवती कबरी, एवढेच. गाव नाही. व्हाइनफेल्ड गाव सोळाव्या शतकात प्लेगने ओस पडले, चर्च तेवढे राहिले. आई कबरींवरची नावे न वाचता येऊनही एकेक बघत फिरली. मग तिने तिच्या आजीकडून ऐकलेले सांगितले. प्लेग आला की गाव सोडून सगळे शेतात झोपड्या बांधून राहायचे आणि उंदीर पडेनासे झाले की परत यायचे. "आमचं गाव परत आलं," ती म्हणाली. "यांचं नाही आलं."

हा सगळा मुलूख एके काळी फार गरीब होता. थंडी फार, जमीन हलकी. प्रशियाचे अधिकारी याला प्रशियाचा सैबेरिया म्हणत. एकोणिसाव्या शतकात इथली कित्येक कुटुंबे घरदार विकून अमेरिकेला गेली. आपण इथे परके, असे आपल्याला सारखे वाटत असते. पण इथल्या पुष्कळ घरांतूनही कोणीतरी असेच उठून दूर गेले, आणि त्यांच्या आयाही मागे खिडकीत बसल्या असतील, हे त्या पांढऱ्या चर्चपाशी माझ्या मनात येऊन गेले. आईजवळ ते बोलले नाही.

परतीच्या वाटेची एक सूचना. नकाशावर ए १ सरळ कोलोनला जाताना दिसतो, पण केलबर्ग आणि ब्लांकेनहाइम यांच्यामधला पंचवीसएक कि.मी.चा तुकडा अजून जोडलेला नाही. तेवढे अंतर गावांमधल्या रस्त्यांनी कापावे लागते. माझी खरी परीक्षा तिथे झाली. वळणे, संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर, मागून मोटारसायकली, आणि एका गावात उजवीकडच्या गल्लीतून आलेली गाडी. मी थांबले. त्या बाईंनी हात केला आणि गेल्या. परीक्षकांना ते दिसायला हवे होते.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. दिवसभरात अडीचशे कि.मी.च्या आसपास झाले असतील. आईने हातपाय धुतले, कुकर लावला आणि तिकिटाचे नाव काढले नाही. दुसऱ्या दिवशी काढले, पण वेगळ्या तऱ्हेने: "तारीख राहू दे आहे ती. त्या आधी तुझे यांना घेऊन एकदा परत जाऊ." एका रविवारने एकटेपणा संपत नाही. सोमवारी ती पुन्हा खिडकीतच होती. पण संध्याकाळी खाली उतरून कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत एकटी चालून आली आणि म्हणाली, "त्या पायऱ्या आपल्याच दगडाच्या आहेत." मी गेली नऊ वर्षे त्या पायऱ्यांवरून जाते. खाली वाकून बघितले. असतीलही.

जाताना सामानाचे वजन जास्त झाले. आजोबांनी तिला मूठभर आकाराचा एक सच्छिद्र दगड भेट दिला होता, तो ती काढायला तयार होईना. शेवटी माझ्यासाठी भरलेली चॉकलेटे निघाली. मला वाटले, देव्हाऱ्याशेजारी ठेवेल. परवा फोनवर विचारले तर म्हणाली, "न्हाणीत आहे. टाचा घासायला. अशी वज्री वाईच्या बाजारात मिळायची नाही."

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात:

रविवारी दुकाने बंद असतात, डबा आणि पाणी घरून घ्या. पेट्रोल आदल्या दिवशी भरा. मारिया लाखला पार्किंगचे पैसे पडतात. काही गावांत पार्किंगची निळी चकती लावावी लागते, ती गाडीत ठेवा. बारा वर्षांखालील आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांची सीट सक्तीची आहे. गावाबाहेर शंभर, गावात पन्नास, आणि पाटी नसेल तिथे उजवीकडच्याला आधी वाट. संध्याकाळी जंगलातून हरणे रस्त्यावर येतात. उन्हाळ्यातल्या रविवारी मोटारसायकली फार, घाई करू नका. तळ्याकाठचे दगड उचलू नका, तो संरक्षित भाग आहे. भारतातले लायसन्स इथे राहायला आल्यावर सहाच महिने चालते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ज्या भगिनी "जमेल का" म्हणून थांबल्या आहेत त्यांनी मला फोन करावा. नापास कसे व्हायचे नाही हे मी नापास होऊन शिकले आहे.

आपल्याकडे सध्या कोणाचे आईवडील, सासूसासरे आले असतील तर मंडळाला कळवा. चारपाच गाड्या मिळून एका रविवारी पुन्हा मेंडिगला जाण्याचा विचार आहे. दशम्या माझ्याकडे लागल्या. चटणी कमी तिखट करीन.

आपली,
रविवारच्या वाटेवरची